तिच्या कोंबड्यांचं पोट

त्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बायकोने आणि मी ताडपत्रीवर कोंबड्यांचं खाद्य कालवलं. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच.

ताडपत्रीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. मधे खाद्याचा ढीग. तिने आपली बाजू उचलली की ढीग लोळत माझ्याकडे येतो, मी उचलली की तिच्याकडे जातो. असं पाच-सात वेळा लोळवलं की कोंबड्यांच्या पोटासाठी घालतो ती पावडर सगळीकडे सारखी लागते. फावड्याने कालवलं तर एका कोंबडीच्या वाट्याला मूठभर आणि दुसरीला वासही नाही, असं तिचं म्हणणं. मला फावडं बरं वाटायचं. फावडं बोलत नाही.

"तुमी खंय बघतास? ढीग एका कुशीक गेलो."

"तुझ्याकडेच बघतंय."

"माझा तोंड बघून कोंबे वाढनत नाय. उचला."

पावडर थेट ढिगावर टाकलेली तिला चालत नसे. आधी सुपात थोडं खाद्य घ्यायचं, त्यात पावडर दोन्ही हातांनी चोळायची. मग ते सूप बादलीभर खाद्यात आणि ती बादली ढिगात. चिमूटभर वस्तू एवढ्या मोठ्या ढिगात एकदम टाकली तर हरवते. हे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. ते तिने असं धरून ठेवलं होतं की मी सूप विसरलो तर ती ताडपत्री खाली टाकून हात कमरेवर ठेवून उभी राहायची.

माझी शाळा चौथीत सुटली, तिची त्याच्याही आधी. मला काही सजवून लिहिता येत नाही. पण बसवत नाही. उठलो तर कुठे जायचं तेही कळत नाही, म्हणून हे लिहितो.

शेड घरामागे, काजूंच्या खाली. गुडघे गेल्यावर भातशेती सुटली, तेव्हा आम्ही बॉयलर कोंबड्या ठेवायला लागलो. मालवणात हॉटेलं वाढली होती. सुट्टीत पर्यटक आले की कोंबडी कमी पडायची. आमच्याकडची शेड लहान, दोन म्हाताऱ्यांना झेपेल एवढीच. खाली भाताचं तूस पसरायचं, त्यावर पिल्लं सोडायची, खाद्य-पाणी बघायचं, वाढली की व्यापाऱ्याची गाडी येऊन घेऊन जायची. मग शेड धुवायची, चुना मारायचा, परत नवी पिल्लं.

सुरुवातीला दुकानदाराने एक पुडी दिली होती. अँटिबायोटिक. म्हणाला, पहिल्या दिवसापासून पाण्यात घाला, रोग येत नाही आणि वजन चांगलं भरतं. आम्ही घालत गेलो. मीठ घालतो तशी. बऱ्याच बॅच निघाल्या. मग एका बॅचला पुडी चालू असतानाच हगवण लागली. तूस ओलं, डोळे चुरचुरावेत असा वास. कोंबड्या मान पाडून कोपऱ्यात. आम्ही पुडी दुप्पट केली. काही उपयोग नाही. रोज सकाळी मेलेल्या उचलायच्या आणि काजूखाली खड्डा मारायचा.

तेव्हा ती जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊनच आली. तरुण मुलगी. घाटावरची असावी, आमचं बोलणं तिला अर्धंच कळायचं. तिने शेड बघितली, पुडी बघितली आणि म्हणाली, "आजी, औषध आजाऱ्याला द्यायचं. धडधाकट असताना रोज दिलं तर लागेल त्या दिवशी ते चालत नाही. शिवाय पोटात चांगले जंतू असतात, तेही मरतात. मग वाईटांना रान मोकळं."

मी म्हटलं, "जंतू आणि चांगले?"

बाई म्हणाल्या, असतात. त्यांची पावडर मिळते. खाद्यात दिली की ते आतड्यात घर करून बसतात, वाईटांना जागा देत नाहीत. पोट बरं राहिलं की खाल्लेलं अंगी लागतं. वाढ त्यानेच होते.

बाई गेल्यावर मी हसलो. "माणसां जंतू मारूक पैसे घालतत आणि तू जंतू इकत हाडतलंस?"

"आंबोळ्यांचा पीठ रातभर कोण फुगयता?" ती म्हणाली. "तुमची आवस येता फुगवूक?"

माझी आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण सासूला मधे आणल्याशिवाय तिचं बोलणं पुरं होत नसे.

ती हट्टी. एकदा डोक्यात गेलं की गेलं. बाई म्हणाल्या होत्या की पाण्यात थोडी आंबट वस्तू दिली तरी पोटाला बरं, त्यासाठी दुकानात औषध मिळतं. हिने म्हटलं, आंबट तर घरात बाटल्या भरून आहे. आणि टाकीत कोकमाचं आगळ ओतलं. आगळात मीठ किती असतं ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला झोपेत विचारलं तरी सांगेल. हिला त्या वेळी आठवलं नाही. कोंबड्या दारुड्यासारख्या पाण्यावर पडल्या. संध्याकाळपर्यंत तुसाचा चिखल.

आम्ही घाबरलो. परत तोच रोग. बाई आल्या, एक कोंबडी घेतली, अंगणातच कापली आणि आतडं उभं चिरून दाखवलं. "बघा आजी, आत काही नाही. साफ आहे. नुसतं पाणी जास्त प्यायल्यात. काय घातलंत?" हिने सांगितलं. बाई एवढ्या हसल्या की ओट्यावर टेकल्या. हीही हसली. पण बघत होती ती आतड्याकडे. निरोगी आतडं कसं दिसतं, बिघडलेलं कसं, सगळं विचारून घेतलं. त्यानंतर शंका आली की एक कोंबडी काढायची, चिरायची, बघायची. पाय धरणारा मी, बघणारी ती. मासे साफ केलेला हात, तिला त्याचं काही वाटत नसे. बोटाने आतडं पसरवून ती मोठ्याने सांगत जायची, जसं काही मी आंधळा: "ह्या गुलाबी आसा. फेस नाय. दाणो पुरो जिरलो. ह्ये शेवटचे दोन पिशये, हेत रगत नाय. बरा आसा, सोडा." मेलेल्या कोंबडीचे पाय सोडा म्हणून सांगायची. मी सोडायचो.

ही बॅच तिने पहिल्यापासून आपल्या पद्धतीने वाढवली होती. पिल्लं आली त्या दिवशी ती मला म्हणाली, "ही बॅच माझी. इकीपर्यंत पुडीक हात लावूचो नाय. काय जाला तरी." पुडी तिने फेकली नाही. वाशावर ठेवून दिली. खरोखरच रोग आला तर लागेल म्हणून, पण माझा हात पोचणार नाही अशा जागी. वाडीत लोक हसत होते. माझा थोरला चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, तो गडग्यावर, आमच्या दगडी कुंपणावर, टेकून विचारायचा, "काय रे, तुझी बायल कोंब्यांका जंतू चारता म्हणतत ता खरा?"

थोरला दीर म्हणून ती त्याच्याशी समोरासमोर बोलत नसे. शेडमधून, कोंबड्यांना सांगितल्यासारखं उत्तर यायचं. "खावा गो बायांनो, खावा. लोकांचा चित्त तुमच्या पोटार आसा."

कोंबड्या चांगल्या वाढत होत्या. तूस कोरडं. शेडमध्ये शिरलं की नाक धरावं लागत नव्हतं. मी तोंडाने काही म्हणालो नाही, पण बघत होतो. विकायला आता थोडेच दिवस राहिले होते. पुडीशिवाय ती बॅच गाडीत चढली की तिचं खरं होणार होतं.

त्या सकाळी खाद्य घालून ती आंघोळीला गेली. मग पेज चुलीवर ठेवली आणि म्हणाली, छातीत जळजळतंय. ओवा खाल्ला. गरम पाणी प्यायली. मग वळचणीला बसली आणि म्हणाली, "माका जरा निजवा." मी चटई घातली. तिचा घाम बघून रिक्षा बोलावली. मालवणच्या वाटेवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. बस. एवढंच.

सावंतवाडीहून लेक आली. आम्हाला ती एकच. म्हणून अग्नी मीच दिला. ऊन उतरायच्या आत सगळं आटपलं.

घरी आलो तर कोंबड्यांचा आवाज नाही. एरवी पायरव ऐकला की शेड उठते. मी ओला पंचा तसाच नेसून मागे गेलो. सगळ्या चोची वासून, पंख अंगापासून सोडून बसलेल्या. पाण्याची भांडी कोरडी. टाकी उपडी.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातलं साठवलेलं पाणी ओततात. घागर, कळशी, हंडा, सगळं रिकामं करतात. घराण्यातल्या बायकांनी तेच केलं. कोणाचा तरी जीव जरा जास्त कळवळला असणार, तिने शेडवरची टाकीही ओतली. कोणी ओतली ते मी विचारलं नाही. माझ्या बायकोसाठीच केलेलं. पण वैशाखाची दुपार आणि वर पत्रा. टाकी ओतल्यापासून तोवर त्या बिनपाण्याच्या.

दादाने धावत जाऊन नळ सोडला, टाकी भरली, भांडी भरली. कोंबड्या एकमेकींच्या पाठीवर चढून प्यायल्या. नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास येत होता. पावडर चालू असेपर्यंत ती विहिरीचंच पाणी द्यायची. ब्लिचिंगने आपले जंतू मरतात म्हणायची. मी दादाला सांगायला गेलो. तो म्हणाला, "तू आता काय बोला नको. तू कर्तो. तू जावन बस."

अग्नी देणाऱ्या कर्त्याने बसायचं. कोपऱ्यात, चटईवर, वेगळं. शेतात जायचं नाही, कामाला हात लावायचा नाही. शेजारून आलेली पेज समोर ठेवली, ती मी बोटाने ढवळत राहिलो. लोक येत होते, दोन शब्द बोलून जात होते. माझे कान मागे. टाकीतलं पाणी भांड्यात उतरताना एक गुडगुड होते, ती सारखी ऐकू येत होती. थांबायलाच तयार नव्हती. किती पितात?

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या वास आला. घरात उदबत्त्या जळत होत्या, त्यातूनही आला. ओल्या तुसाचा वास मला उदबत्तीने लपत नाही.

मी उठलो. दादा ओसरीवर होता. "खंय चललस?"

"शेडीत."

"मी बघून इलंय. हगवण लागली सगळ्यांका. तुस भिजला." तो उठून जवळ आला. तो वाईट माणूस नाही. आदल्या दिवशी तिरडीचं पुढचं टोक त्याने शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. "आयक. गाडीवाल्याक फोन करूया. मिळतत तेत इकून टाक. सुतकात मरतले कोंबे कोण उचलतलो? आणि इकूचे नसतीत तर ती पुडी आसा मा वाशार? घाल पाण्यात. ती गेली. आता कोणाचो हट्ट?"

तो म्हणत होता ते खरं असू शकत होतं. त्या खरंच आजारी असतील तर पुडी न देणं म्हणजे त्यांना मारणं. आणि आजारी नसताना दिली तर एवढे दिवस त्या पोटात तिने जे बसवलं होतं ते माझ्या हाताने धुऊन टाकणं. अंगणात उभं राहून हे कळत नाही. कोणालाच कळत नाही.

आत बायका जमल्या होत्या. तिला जिथे ठेवलं होतं तिथे पिठाचा थर पसरून, दिवा लावून, वर टोपली पालथी घातली होती. सकाळी टोपली उचलून पिठावर कसली पावलं उमटलीत ते बघतात. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून सांगतात. त्या माझी वाट बघत होत्या.

"कर्तो होयो हय," आतून कोणीतरी म्हणालं.

"बघा तुमी," मी म्हटलं आणि सुरी घेऊन मागे गेलो.

लेक माझ्या मागोमाग आली. रडून तिचा चेहरा सुजला होता. "बाबा, काय करतास?"

"ये हय. पाय धर."

मधल्या गर्दीतली एक कोंबडी उचलली. अगदी मेलेली नको आणि अगदी उड्या मारणारी नको, अशी ती निवडायची. लेकीने पाय धरले. तिने लहानपणापासून धरले होते, पण आता शहरात राहून सवय गेली असेल. मान फिरवून उभी राहिली. मी कापली. सोलून पोट उघडलं. पोटा आणि काळीज बाजूला केलं आणि आतडं दगडावर लांब पसरलं. सुरीचं टोक घालून ते उभं चिरत नेलं. तिच्यासारखं सरळ जमलं नाही, दोन ठिकाणी फाटलं.

बघत बसलो. आधी काही दिसेचना. डोळे भरले होते. पंच्याने पुसले.

"काय दिसता?" लेक म्हणाली. अजून तोंड तिकडेच.

"ह्या गुलाबी आसा," मी म्हटलं.

मग मी मोठ्याने सांगत गेलो. मला दुसऱ्या कुठल्या रीतीने बघताच येत नाही. फेस नाही. आतला पदर मऊ, जाड, कुठे खरवडलेला नाही. दाणा जिरलेला. शेवटच्या दोन पिशव्या मी मुद्दाम सावकाश चिरल्या. रोग असला तर तिथे रक्त भरलेलं असतं. आत नेहमीचं तपकिरी, घट्ट. रक्ताचा ठिपका नाही. खालच्या भागात तेवढं पाणी. नुसतं पाणी.

कालची तहान होती ती. बिनपाण्याचं राहून मग ढोसलेलं पाणी. पोट तिने ठेवलं होतं तसंच होतं.

मी परत एकदा सगळं बघितलं. मग लेकीला म्हटलं, "बरा आसा."

ती वळली, खाली बघितलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली. माझे दोन्ही हात रक्ताने भरलेले, तिला धरता येईना. कोपरांनी धरली.

दादा आला. दगडावरचं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे मेल्या! बायलेची राख थंड होवक नाय आणि तू कोंबी कापतस? सुतकात? लोक काय म्हणतले?"

"खावक कापूक नाय, दादा. बघूक कापलंय."

"काय बघूक?"

"पोट. साफ आसा. रोग नाय. काल पाणी नाय होता म्हणान मगे जास्त पियाले. बघ तू."

तो बघेना. तो त्या दगडापासून दोन पावलं मागेच उभा राहिला. पण गेलाही नाही. तिथूनच म्हणाला, "मगे गाडीवाल्याक नको सांगा?"

"नको. वेळ इली काय मीच सांगतलंय."

"आणि पुडी?"

"ती आसा थंय रवांदे."

मग मी सांगितलं तसं त्याने केलं, शिव्या देत देत. नळाचं पाणी भरलेली टाकी ओतली. लेकीने विहिरीचा पंप चालू केला. मी भांडी घासली, एकेक उन्हात पालथी घातली, मग भरली. कापलेली कोंबडी खड्ड्यात पुरली, वर चुना टाकला. टोपलीखाली काय दिसलं ते एका बाईने दारात येऊन सांगितलं. मी मान हलवली. आता आठवत नाही ती काय म्हणाली.

राहिलं तूस. ओलं तूस तसंच पडलं तर दोन दिवसांत त्यातूनच रोग उठतो. अगदी भिजलेलं होतं ते टोपलीने बाहेर काढलं. बाकीचं दाताळ्याने वरखाली करायला घेतलं. कोंबड्या पायांतून पळत होत्या. ऊन पत्र्यावर आलं होतं. गुडघे ओरडत होते, मी त्यांना ओरडू दिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, तेव्हा सुरुवातीचं थोडं कोरडं झालेलं होतं.

घराकडून दादाची हाक आली. भेटायला माणसं आलीत, कर्ता कुठे आहे.

"येतंय," मी म्हटलं, आणि भिंतीकडून परत दाताळं घातलं.